सुई टोचल्यावरचा गप्प तास

तुमसरच्या ज्या राइस मिलमध्ये माझं आयुष्य गेलं, तिथं माझं काम एकच. धानाचा ट्रक आला की पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, तिच्यातून आलेले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि सांगायचं : माल किती ओला, तांदूळ किती निघेल, चुरी किती पडेल. ओल जास्त असली की वजनातून काही किलो वजा होतात. त्याला आम्ही काट म्हणतो. माझ्या दातांची ख्याती अशी की मी दाणा फोडला की त्या आवाजावर पार बालाघाटचे व्यापारी आपला भाव बदलायचे.

हे शेवटचं वाक्य वाचून तुम्ही मला ओळखलं असेल. मला फेकायची सवय आहे. मिलमध्ये सगळे मला डोमाजी म्हणतात आणि माझ्या प्रत्येक गोष्टीला काट लावतात. डोमाजीनं वाघ पाहिला अशी बातमी आली की हमाल म्हणतात, "ओल काटून मांजर धरा गा."

तुम्हीही काट लावा, माझी हरकत नाही. पण ज्यांच्या घरात कोणाच्या गळ्यात, काखेत गाठ सापडली आहे आणि जे नागपूरच्या गाडीत खिडकीशी गप्प बसलेले असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तेव्हा गाठ, सुई, भीती आणि दिघोरीचे अशोकराव, एवढ्यांना काट लावू नका. मासे वगैरे येतील पुढे, ते तुमच्या मर्जीवर.

रुजलेला दाणा

गाठ डाव्या बाजूला होती, कंठमण्याला लागून. दुखत नव्हती. मिलमध्ये मी जाहीर केलं की दाणे फोडता फोडता एक गिळला गेला, तो गळ्यात रुजला, आता पाऊस पडला की रोप उपटून रोवणा करू. महिनाभर सगळे हसले. येणारा जाणारा बोट लावून बघायचा आणि विचारायचा, "काय डोमाजी, पऱ्हं झालं का नाही?"

मग घाम सुरू झाला. झोपेत असा घाम यायचा की खाटेखाली पाण्याची बोडी भरावी आणि तिच्यात बगळे उतरावे. (बगळे काटा. चादर मात्र खरोखर पिळावी लागायची.) पँट कमरेवरून उतरायला लागली. तुमसरच्या डॉक्टरांनी भंडाऱ्याला पाठवलं, भंडाऱ्याच्यांनी नागपूरला. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला.

निकालाच्या दिवशी मी एकटा गेलो. बायकोला, वनिताला, मिलचं काम आहे म्हणून सांगितलं. डॉक्टर बाई हळू बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "हॉजकिन लिम्फोमा. रक्ताच्या कॅन्सरच्या भावकीतला आहे. पण बऱ्या होणाऱ्यांतला आहे, डोमाजी. घाबरू नका." त्या बरंच बोलल्या. मला त्यातला एकच शब्द ऐकू आला. तुमसर रोडपर्यंत गाडीच्या चाकांनी तोच एक म्हटला.

घरी आलो तेव्हा वनिता अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"वनिता, मले कॅन्सर निंगाला."

तिनं मानसुद्धा वर केली नाही. "बरं. काट लावून सांगा."

"खरं सांगून राहिलो."

"म्हंजे फोड असन एखादा."

मी समोर बसलो. मी बोलतो तेव्हा माझे हात सतत चालतात. साप केवढा, मासा केवढा, सगळं हातांनी दाखवावं लागतं. त्या दिवशी हात मांडीवर पडून होते. आणखी काही सांगायला सुचेना म्हणून मी गप्प राहिलो. तेव्हा वनितानं वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. सूप कललं, तांदूळ मातीत सांडले. ती रडली नाही. एकेक दाणा वेचत राहिली, मातीतला, दगडाखालचा, तुळशीच्या ओट्यामागचा. अंधार पडून दाणे दिसेनासे झाले तरी वेचत होती.

नातेवाइकांना मीच फोन केले. साळा हसला. मिलचे शेठ म्हणाले, "डोमाजी, सुट्टी पाहिजे तर सरळ मागा ना." मग प्रत्येकाला वनितानं परत फोन लावला. "या खेपेले खरं हाय जी," एवढंच म्हणायची आणि ठेवायची. आपल्या नवऱ्याला कॅन्सर आहे हे जगाला पटवून द्यायचं काम कोणत्याच बाईच्या वाट्याला येऊ नये.

आतले दिवे

पहिला पेट स्कॅन औषध सुरू करण्याआधी झाला. त्याची रीत साधी आहे. उपाशी पोटी जायचं. सुईतून एक साखर टोचतात, तिच्यात किरणं टाकणारा अंश असतो. आजार असतो हावरा. तो ती साखर ओरपतो, आणि जिथं ओरपतो तिथं चित्रात उजेड पडतो. डॉक्टर बाईंनी पडद्यावर माझं चित्र दाखवलं. गळ्यात दिवे, छातीत दिवे, काखेत, प्लीहेत. माझ्या आत दिवाळी चालली होती आणि मला आमंत्रण नव्हतं.

"सुरुवातीचे डोस झाले की परत हाच फोटो काढू," त्या म्हणाल्या. "खरा महत्त्वाचा तो दुसरा. तोवर दिवे विझले, तर बहुतेक वेळा विझलेलेच राहतात. मग याच औषधावर पुढे जायचं. नाही विझले, तर औषध बदलावं लागेल. ते जड असतं. वॉर्डात राहावं लागतं, आणि तरीही खात्री कमी."

"म्हंजे त्या फोटोतच समजते का मानूस वाचते का नाही?" वनितानं विचारलं.

"अंदाज येतो. बराच चांगला अंदाज. पण अंदाजच."

मला हे समजावायची गरज नव्हती. ट्रकभर माल कोणी उपसून बघत नाही. परखी घुसते, मूठभर दाणे येतात, त्यावर सगळ्या ट्रकाचं ठरतं. मी दाणे हातावर घेतले की धान घेऊन आलेला माणूस धानाकडे कधीच बघायचा नाही. तो माझ्या तोंडाकडे बघायचा. दाणा फुटला तेव्हा माझी भुवई हलली का, ओठ मुडपला का. आता मी डॉक्टर बाईंच्या तोंडाकडे बघायला शिकलो. त्यांच्या डाव्या भुवईवर एक बारीक तीळ आहे. तो हलला की मी समजायचो, माल ओला.

लाल औषध

औषध चढवायच्या खोलीत खुर्च्यांची रांग. एक बाटली लाल असते. ती चढली की लघवी लाल होते. हे आधी सांगून ठेवतो, मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी मोरीत उभ्याउभ्या सगळ्या देवांना कामाला लावलं होतं. केस गेले. तोंडात फोड आले. पण सगळ्यात वाईट गोष्ट वासाची झाली. मला शिजत्या भाताचा वास सहन होईना. तुमसरच्या माणसाला! आमच्याकडे वारासुद्धा भाताचा वास घेऊन फिरतो. वनिता शेजारणीकडे भात शिजवायची, तिथंच उभ्यानं खायची आणि तोंड धुऊन घरी यायची. एक दिवस तिनं भाताचा रिकामा गंज आपटला. "भाताचा वास नाही त्या घराले घर म्हनते का कोनी? मेलेल्याच्या घरी चूल नसते, तसं वाटून राहिलं मले!" बोलली आणि स्वतःच घाबरली.

अशोकराव मला त्याच खुर्च्यांच्या रांगेत भेटले. दिघोरीचे, वीज खात्यात लाइनमन. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, पेन खिशाला. त्यांचाही लिम्फोमाच, पण दुसऱ्या जातीचा, माझ्याहून तापट. बायको मंदाताई अंगणवाडीत, तिला दर वेळी येता यायचं नाही, म्हणून ते एकटे यायचे. मी राम राम म्हटलं, त्यांनी जय भीम म्हटलं, आणि पुढचा प्रश्न विचारला :

"तुमीच डोमाजी का? वहिनी बाहेर सांगून राहिल्या, याईचं आर्धं धरा म्हनून."

"ते काही बी सांगते. ऐका, आमच्या मिलमागं एकदा साप निंगाला, बारा फुटी..."

"सहा. सांगा समोर."

असा माणूस. हसायचे नाहीत, फक्त अर्धं करायचे. खांबावर चढून तारेत वीज आहे का नाही हे बघण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला अंदाजाने बोललेलं कसं चालणार? पण माझ्या गोष्टीत वीज नाही हे माहीत असूनही ते दर वेळी माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवायचे.

परद्याच्या दोन्हीकडे

दुसरा फोटो दोघांचा एकाच दिवशी आला. सुई टोचली की साखर अंगात पसरायला तासभर लागतो. तो तास एका थंड खोलीत पडून काढायचा. दोन आरामखुर्च्या, मध्ये परदा. तिथल्या मॅडमनी नियम सांगितले. मोबाइल नाही. हालचाल नाही. "तोंडात खर्रा नाही ना? चघळलं की जबडा उजळतो. आणि बोलायचं नाही. बोललात तर गळ्याचे स्नायू साखर खातात, मग फोटोत काय आजार आणि काय बोलणं, कळत नाही."

मॅडम गेल्या. मी पांघरूण ओढलं आणि गप्प पडलो. खरंच पडलो. थोड्या वेळानं परद्यामागून आवाज यायला लागला. कट्ट, कट्ट, कट्ट. दात वाजत होते. दाताखालच्या आवाजाची मला पारख आहे. तो थंडीचा आवाज नव्हता.

मग हलक्या आवाजात, "डोमाजी. बोला ना जी काही."

नियम मला माहीत होता. गाठ माझ्या गळ्यातच होती, हेही माहीत होतं. पण ते दात थांबत नव्हते.

"बपेऱ्याकडच्या एका बोडीत मरळ होती," मी सुरू केलं. "माझ्या उंचीची."

परद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं हवेत अर्धी रेघ कापली. अशोकराव स्वतः त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. नियम मोडायला मी होतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात बोडी आटली. मरळ म्हणाली, इथं मरण्यापेक्षा निघावं. पोटावर सरपटत, शेतांचे धुरे ओलांडत, नदी ओलांडत ती मध्य प्रदेशात गेली. नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, "कहाँ से आ रही हो?" हिला हिंदी येईना, म्हणून तिथंच बसून शिकली. तिकडच्या तलावात राहिली, तिकडं सोयरीक जुळवली, जेवायला उशीर झाला तर नवऱ्याला हिंदीत शिव्या देऊ लागली. हात वारंवार बाहेर येऊन कापत होता. मग नुसताच बाहेर राहिला, खुर्चीच्या दांड्यावर. दात थांबले. परदा हलत होता, हसू दाबल्यासारखा. मग पाऊस पडला आणि मरळीला आपल्या बोडीचा चिखल आठवला. ती परत निघाली.

तेवढ्यात मॅडमची पावलं वाजली. अशोकरावांना आधी बोलावलं. उठता उठता त्यांनी परदा बाजूला केला.

"मंग आली का वापस?"

"जा तुमी. बाहेर आल्यावर सांगतो."

मी बाहेर आलो तेव्हा ते दिघोरीवरून जाणाऱ्या लाखांदूरच्या बससाठी निघून गेले होते.

भुवई

निकालाच्या दिवशी वनिता सोबत होती. डॉक्टर बाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी लावली.

"छातीतलं गेलं. काखेतलं गेलं. प्लीहा साफ." तीळ हलला. "गळ्यात उजेड आहे. जुन्या गाठीला लागूनच."

वनितानं माझं मनगट धरलं. ती नखं मला अजून जाणवतात.

"हा उरलेला आजार असेल तर जड औषध द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. मग थांबल्या. "सुई दिल्यावर बोलला होतात का?"

"हो. जवळजवळ तासभर."

त्यांनी काही म्हणायच्या आत वनिता बोलली. "मॅडम, याईच्या बोलन्यावर नका जाऊ. वार्डाची भीती वाटून राहिली याईले. म्हनून सांगून राहिले."

"वनिता, शप्पत..."

"शपता तं तुमी वाघाच्या बी घेतल्या."

बाहेर बाकावर बसलो तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी फेकलं आन मी मानलं, आन तो आजारच निंगाला, तं? तं मीच मारलं ना तुमाले." मी बोललो नसेन आणि बोललो म्हणालो, तर आजार माझ्या खोट्याच्या सावलीत आरामात वाढणार. मी बोललो असेन आणि कोणाला पटलं नाही, तर जे विष नको ते अंगात जाणार. आयुष्यभर हजार गोष्टी विकल्या, त्या सगळ्या गिऱ्हाइकांनी हसत घेतल्या. ही एकच खरी होती आणि घरचंच माणूस घेईना. साक्षीला जगात एकच माणूस होता.

साक्ष

अशोकराव त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर भरती होते. आम्हाला माहीत नव्हतं, औषधाच्या खोलीत विचारल्यावर कळलं. त्यांच्या फोटोत जुने दिवे तसेच होते आणि जिथं नव्हते तिथंही लागले होते. खाटेजवळ मंदाताई बसल्या होत्या. इस्त्रीचा शर्ट खिळ्याला टांगलेला. शर्टातलं पेन तसंच होतं, माणूस निम्मा झाला होता.

मी दारातच उभा राहिलो. ज्याच्या स्वतःच्या फोटोत दिवे वाढले त्याच्याकडे आपली साक्ष मागायला कोणत्या तोंडानं जायचं? वनिता पुढे गेली.

"भाऊ, एक विचारू का? रागावू नका. त्या दिवशी सुई टोचल्यावर हे बोलले का?"

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, जसे लोक माझ्याकडे बघत आले.

"बोलले, वहिनी. मले बलावलं तवापर्यंत बोलले. मीच म्हनलो होतो, बोला म्हनून." त्यांना श्वास घ्यावा लागला. "आर्धं नका करू. पुरं हाय."

निकालापासून, नव्हे गाठीपासून, वनिता रडली नव्हती. ती त्या खाटेच्या कडेवर बसली आणि रडली. मंदाताईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "उगी वो माय, उगी," म्हणत होत्या. जिनं रडायचं ती समजावत होती.

अशोकरावांनी बोटानं मला जवळ बोलावलं. "मरळ आली का जी वापस?"

"रस्त्यात हाय. नदीले पूर आला."

"मंग बसन ते नाक्यावर." डोळे मिटले. "घाई नको म्हना."

ती गोष्ट मी तिथं संपवू शकलो असतो. दोन वाक्यांचं काम होतं. मला वाटलं, ठेवावी शिल्लक, माणूस शिल्लक गोष्टीसाठी थांबतो. हे फेकणाऱ्याचं शास्त्र आहे. आजार ते मानत नाही.

रिकामी खुर्ची

डॉक्टर बाई म्हणाल्या, साक्षीवर औषध ठरत नाही, पण शंका रास्त आहे. त्यांनी फोटोवाल्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, गळ्याची सोनोग्राफी केली, आणि ठरलं की जुन्याच औषधाची आणखी एक फेरी आणि मग परत फोटो. तोवर गळ्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही. त्या दिवसांत मी घोट गिळतानाही ऐकत बसायचो, आत कोणी आहे का.

मधल्या काळात अशोकराव दिघोरीला, घरी गेले. माझ्या पांढऱ्या पेशी कमी होत्या, गर्दीत जायची मनाई होती. वनिता मयतीला जाऊन आली. बाहेरच हातपाय धुतले, आत आली आणि म्हणाली, "मंदाताई विचारत होत्या, ते मरळ मरळ काय होतं? दोन दिवस तेच इचारत होते म्हने. आली का, आली का." मी भिंतीकडे तोंड केलं.

तुम्हाला सांगतो, गप्प बसायला सांगितलं तर गप्प बसा. खर्रा घरी ठेवा, मोबाइल बायकोकडे द्या, फोटो एकदाच नीट येऊ द्या. माझ्यासारखं महिनाभर अधांतरी लटकू नका. हा सल्ला खरा आहे. शेजारच्या परद्यामागं दात वाजले तर काय करायचं, त्याचा सल्ला माझ्याकडे नाही.

परत तीच थंड खोली. मॅडमनी मला ओळखलं. "या वेळी बोलायचं नाही." मी मान हलवली. परदा एका कडेला सारलेला होता. शेजारच्या खुर्चीवर पांघरूण घडी करून ठेवलेलं. मी डोळे मिटून मरळीला पाण्यात घातलं. ती नदीच्या पलीकडच्या काठावर बसून होती. मी तिला ढकललं, हाका मारल्या, पूर ओसरवला. माझ्या गोष्टींत हत्ती उडाले आहेत, आणि एक मासा मला नदी ओलांडवता येईना.

आता हे लिहितोय तेव्हा औषधं संपली आहेत. घरात भात शिजतो. वास अजून पुरता सोसत नाही, पण मी ओसरीवर जाऊन बसतो, तिला शेजारणीकडे जाऊ देत नाही. पुढचं कोणी सांगू शकत नाही. परखी मुठीपुरतं सांगते.

त्या तिसऱ्या फोटोच्या दिवशी डॉक्टर बाईंनी पडदा आमच्याकडे वळवायच्या आधीच मी तीळ बघितला. तो जागेवर होता. "गळा साफ आहे," त्या म्हणाल्या. वनितानं हात जोडले, कोणाला ते तिलाच माहीत. बाईंनी पहिल्यांदा हसून माझ्याकडे पाहिलं.

"या वेळी अगदी गप्प बसलात, डोमाजी."

"हो जी," मी म्हटलं. "शेजारी कोनी नोयतं."